चार महिन्यांची नोकरी आणि श्रावणातलं लग्न

ताई, नमस्कार. मी चिपळूण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातला. वय २७, बीएस्सी केमिस्ट्री. जून २०२२ ते जानेवारी २०२५ लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये, केमिस्ट होतो. पगार हलत नव्हता, म्हणून तिथल्याच दुसऱ्या कंपनीत गेलो. लॅबला घेतो, जनरल शिफ्ट देतो, असं तोंडी सांगितलं होतं. फेब्रुवारीत हजर झालो तर प्लांटवर तिन्ही पाळ्यांना घातलं, तेही कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर. बस चिपळूणपर्यंतच, पुढे रात्री १८ किलोमीटर बाइक. जूनच्या पहिल्या पावसात दोनदा घसरलो आणि सोडलं. आता महाडच्या एका कंपनीत क्यूसीसाठी मुलाखत आहे. मित्र म्हणतात, ती चार महिन्यांची नोकरी दाखवूच नको, आधीचीच तारीख जूनपर्यंत ओढ. मामा म्हणतात, आंब्याच्या सीझनला घरी होतो असं सांग. आई म्हणते, खरं सांग, देव बघतो. काय करू?

ता.क. शेवटचे नऊ दिवस मी कामावर गेलो नाही. राजीनामा नंतर सुपरवायझरला व्हॉट्सअपवर टाकला.

– खाडीकाठचा एक वाचक

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे, आणि व्हॉट्सअपवर राजीनामा देण्याची अक्कल त्यालाही सुचली असती.

आधी मामांचं बघू. मामांची थाप चांगली आहे, हे मान्य करते. फेब्रुवारी ते जून म्हणजे बरोबर आंब्याचा हंगाम. फवारणी, काढणी, पेट्या भरणं, मग उरलेल्या आंब्याचा आमरस आटवणं. आपल्याकडचा मुलगा तेवढे महिने घरी होता म्हटलं तर कोण शंका घेणार? मी तुझ्यापेक्षा लहान असताना मारलेली थाप याच्यापुढे अगदीच कच्ची होती. बी.कॉम. होऊन मुंबईला मावशीकडे राहिले, एका ऑफिसात लागले आणि अडीच महिन्यांत सोडलं. पुढच्या मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, मधे काय करत होतात? म्हटलं, बहिणीचं लग्न होतं, गावी होते. कधी झालं? मी आपली सांगून मोकळी, ऑगस्टमध्ये. गृहस्थ निघाले राजापूरकडचे. चष्मा काढून म्हणाले, “श्रावणात? कुठल्या भटजींनी लावलं हो?” शेजारी बसलेला क्लार्कसुद्धा हसला. नोकरी अर्थातच मिळाली नाही. आमच्या घरात अजूनही कुणी थाप मारली की ‘श्रावणातलं लग्न’ म्हणतात.

पुढे मीच बावीस वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात लोकांच्या मुलाखती घेत बसले (त्याला एचआर म्हणायला लागले तोवर माझे केस पिकले होते), म्हणून हे सगळं सांगायला धजते आहे.

मामांची थाप पकडायला हल्ली भटजी लागत नाही. तुझा यूएएन पुरतो. २०१४ पासून पीएफचा हा एकच नंबर माणसाबरोबर एका नोकरीतून दुसरीत जातो. त्याच्याखाली प्रत्येक नोकरीचा वेगळा मेंबर आयडी असतो, लागल्याची तारीख असते, सोडल्याची असते. कॉन्ट्रॅक्टरने चार महिने तुझ्या पगारातून पीएफ कापला असेल, तर त्या चार महिन्यांची नोंद तिथे बसलेली आहे. नवी कंपनी हजर होतानाच पीएफचा जाहीरनामा भरून घेते, ज्याला सगळे फॉर्म ११ म्हणतात, आणि त्यात आधीच्या नोकरीबद्दल विचारलेलं असतं. चौकशी करणाऱ्या एजन्सीज तर सर्व्हिस हिस्टरीचा स्क्रीनशॉट तुझ्याकडूनच मागून घेतात. आईचं बरोबर आहे. फक्त देवाच्या आधी पीएफ ऑफिस बघतं.

आणि यूएएन बाजूला ठेवला तरी लोटे, महाड, रोहा हा कारखान्यांचा पट्टा केवढासा! क्यूसीतली माणसं याच दोन-तीन ठिकाणी फिरत असतात. ज्या सिनिअर केमिस्टबरोबर तू टायट्रेशन शिकलास, तो आज महाडला नसेल असं तू सांगू शकतोस का? मुलाखत झाल्यावर एक फोन जातो, “अरे, हा तुझ्याकडे होता ना, कसा आहे?” हा फोन कुठल्याही फाइलमध्ये नसतो, पण मी स्वतः असे शेकड्यांनी केलेत.

मित्रांचा सल्ला मात्र मामांपेक्षा वाईट आहे. एखादी नोकरी बायोडेटात न लिहिणं आणि दुसऱ्या नोकरीची तारीख ओढून ती जागा भरणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बायोडेटा तू लिहितोस. त्यात काय ठेवायचं, काय गाळायचं, हा तुझा अधिकार. दहावीतला चित्रकलेचा ग्रेड जसा तू गाळतोस, तशी चार महिन्यांची नोकरीही गाळू शकतोस, त्यात खोटं काही नाही. पण कंपनी जो छापील अर्ज पुढे ठेवते, त्यात ‘आतापर्यंतच्या सर्व नोकऱ्या’ असा रकाना असतो आणि खाली ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही असते. तिथे गाळणं म्हणजे खोटी सही. आणि तारीख ओढणं हे दोन्हीकडे खोटंच.

आमच्याकडे एक मुलगा असाच आला होता. कामाला उत्तम. आधीच्या कंपनीची तारीख पाच महिने पुढे ओढलेली. हजर झाल्यावर तीन आठवड्यांनी पीएफचं जुळवताना ते बाहेर आलं. त्या पाच महिन्यांत त्याने कुठे काम केलं होतं, याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. मुलाखतीत सांगितलं असतं तर मी पुढचा प्रश्न विचारला असता, संपलं असतं. पण ज्याच्या सहीवर उद्या बॅच पास होणार, तो कागदावरची तारीख बदलतो, हे कळल्यावर क्यूसीच्या साहेबांनी त्याला ठेवायला साफ नकार दिला. क्यूसीत तारीख म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको.

तू मात्र गाळू नकोस, दाखव. कारण तुझ्याकडे झाकण्यासारखं फार थोडं आहे आणि दाखवण्यासारखं बरंच. एका कंपनीत दोन वर्षं आठ महिने, मग एकीकडे चार महिने. याला कुणी ‘टिकत नाही’ म्हणत नाही. चार महिन्यांच्या तीन नोकऱ्या ओळीने असत्या तर माझं पत्र वेगळं झालं असतं.

आता एक गोष्ट, जी तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. तू कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर होतास. म्हणजे पीएफच्या नोंदीत कंपनीचं नाव नसणार, कॉन्ट्रॅक्टरचं असणार. पगाराच्या स्लिपवरही त्याचंच, बँकेत पगार जमा झाला तोही त्याच्याच खात्यातून. तू बायोडेटात बेधडक कंपनीचं नाव लिहिलंस आणि तपासणीत भलत्याच एंटरप्रायझेसचं नाव निघालं, तर तू खरं बोलूनही खोटा ठरशील. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, चांगली मुलं यात अडकतात. म्हणून असं लिही: ‘अमुक कंपनी, लोटे (तमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत), प्रॉडक्शन, फेब्रुवारी ते जून २०२५’. एका ओळीत. त्याच्याखाली चार-पाच ओळींची कामांची यादी नको. ती यादी आधीच्या नोकरीखाली येऊ दे, तिथे तिला वजन आहे.

‘तात्पुरती’ किंवा ‘हंगामी’ असंही लिहू नकोस, कुणी सुचवलं तरी. आपल्याकडे थोड्या महिन्यांची कामं काय कमी आहेत? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, खलाशी आपापल्या गावी. आंब्याच्या बागेत राखणीला आलेले नेपाळी पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांना कुणी विचारत नाही, का सोडलंस म्हणून. शेवट आधीच ठरलेला असतो. तुझ्या नोकरीचा शेवट ठरलेला नव्हता, म्हणून तुला विचारणार. हंगामी म्हणालास आणि अपॉइंटमेंट लेटरवर सहा महिन्यांचं प्रोबेशन लिहिलेलं निघालं, की झालंच पुन्हा श्रावणातलं लग्न.

आता ता.क. वाचकांची खरी पत्रं ता.क.मध्येच असतात. तुझ्या चार महिन्यांपेक्षा हे नऊ दिवस मला जास्त काळजीचे वाटतात.

न सांगता नऊ दिवस गैरहजर, मग व्हॉट्सअप. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या रजिस्टरवर तू राजीनामा दिलेला माणूस नाहीस, काम सोडून गेलेला माणूस आहेस. उद्या महाडहून चौकशी आली तर तो तेच सांगेल आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. हे मुलाखतीच्या आधी निस्तर. मुलाखत पुढे ढकलायला सांगत नाही, आठवडाभरात होण्यासारखं काम आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसला ई-मेल कर, कंपनीच्या एचआरला कॉपी ठेव. चार वाक्यं पुरेत: अमुक तारखेपासून मी कामावर येऊ शकलो नाही, अमुक तारखेला व्हॉट्सअपवर राजीनामा कळवला, तो रीतसर या मेलने देत आहे, नोटिशीचे जे दिवस भरले नाहीत त्याची रक्कम हिशेबातून वळती करून घ्यावी आणि रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) द्यावं. पावसाचं, घसरल्याचं, फसवल्याचं एक अक्षरही नको. भांडण उकरायला मेल नाही, तारखा कागदावर आणायला आहे.

मेलवर उत्तर आलं नाही तर स्वतः जा. दुपारच्या वेळी जा, सकाळी हजेरीच्या गडबडीत नाही. बरेचसे कॉन्ट्रॅक्टर समोर उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत, फोनवर म्हणतात. लेटर नाहीच मिळालं तरी तुझा पाठवलेला मेल, अपॉइंटमेंट लेटर, स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट एवढ्यावर भागतं. मुलाखतीत स्वतःहून सांग की लेटर मागितलंय, अजून आलेलं नाही, मेल दाखवतो. राहिलेल्या पगाराचं म्हणशील तर २०१९ च्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा असं लिहिलेलं आहे. तू नऊ दिवस आधीच बुडवलेत, तेव्हा आवाज चढवून हे कलम वाचून दाखवू नकोस, पण माहीत असू दे.

पीएफमध्ये सोडल्याची तारीख त्याने टाकली का, तेही बघ. नसेल टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की तुला स्वतःला ऑनलाइन टाकता येते, आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा. तारीख दोनदा तपासून मगच टाक. चुकली तर दुरुस्तीला फेऱ्या घालशील.

कागदांचं निघालंच आहे म्हणून सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर कितीतरी दिवस ओळखीपाळखीची मुलं विचारायला यायची, ओरिजिनल वाहून गेली, आता काय करू. तुझं गाव खाडीकाठचं आहे. सगळे कागद आज रात्री बसून स्कॅन कर आणि स्वतःलाच मेल करून ठेव.

मग मुलाखत. का सोडलंस, हा प्रश्न येणारच. तुझं पत्र वाचून मला भीती एवढीच आहे की तू तिथे खरं उत्तर देशील, पण चुकीचं खरं. तुझ्या पत्रात सोडण्याची दोन कारणं आहेत. एक, सांगितलं ते काम दिलं नाही. दोन, रात्री घरी जायला लांब पडत होतं. मनात तुला दुसरंच जास्त बोचतंय, ते साहजिक आहे, घसरलास तू. पण ‘लांब पडत होतं’ हे चिपळूणच्या पुढे १८ किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने महाडच्या कंपनीत सांगायचं? समोरचा लगेच मनात म्हणेल, मग इथे किती दिवस?

त्याला चार महिन्यांची फिकीर नसतेच. त्याला फिकीर असते की हाही जागा रिकामी करून जाईल आणि पुन्हा मुलाखती घ्यायला लागतील. म्हणून पहिलं कारण सांग, आणि दुसऱ्याची सोय आधी करून जा. महाडला किंवा बिरवाडीला खोली बघून ठेव, कोण मित्र आहे, भाडं किती, सगळं. विचारलं तर “राहायची सोय बघून आलोय” हे वाक्य तुझ्या डिग्रीपेक्षा जड पडेल.

बोलायचं ते साधारण असं. “अडीच वर्षांहून जास्त क्यूसीत होतो. लॅबचंच काम म्हणून दुसरीकडे गेलो, पण हजर झाल्यावर काम प्लांटवरचं आणि कॉन्ट्रॅक्टरच्या नावावरचं निघालं. आधी लेखी विचारून घ्यायला हवं होतं, ते मी केलं नाही. मला क्यूसीतच काम करायचं आहे.” ते हिंदीत विचारोत की इंग्रजीत, तू हे आधी मराठीत चार वेळा मोठ्याने म्हणून बघ. जे वाक्य म्हणताना जीभ अडखळते, त्यात काहीतरी खोट आहे, ते बदल.

आणि मग गप्प बस. हे सगळ्यात अवघड. मी ज्यांना मनातून घ्यायचं ठरवलं होतं अशी दोन-तीन मुलं इथेच गेली. एकाला जुन्या साहेबाने खरोखरच छळलं होतं, मला बाहेरून माहीत होतं. पण तो पंधरा मिनिटं त्या साहेबाचे पाढे वाचत राहिला. बाहेर गेल्यावर आमचे प्लांट हेड एवढंच म्हणाले, “उद्या आपले वाचेल.” तुझ्या जुन्या साहेबाला दाराआड उभं करून बोलतोयस असं समज. त्याने ऐकलं तरी भांडता येऊ नये, इतकंच बोल.

नऊ दिवसांबद्दल स्वतःहून सुरुवात करू नकोस. विचारलं तर लपवू नकोस. “शेवटी नीट निघालो नाही, माझी चूक झाली, नंतर मेल करून हिशेब पूर्ण करायला सांगितलं.” मेल आधी केलेली असेल तरच हे वाक्य म्हणता येईल, म्हणून आज कर.

प्लांटवरचे चार महिने फुकट गेले असं मात्र मनात धरून जाऊ नकोस. लॅबमध्ये बसणाऱ्याला सॅम्पल उशिरा का आलं, ऑपरेटरने ते कुठून आणि कसं काढलं, पाळी बदलताना लॉगबुकात काय सुटतं, हे सहसा दिसत नाही. तू रिअ‍ॅक्टरजवळ उभा राहून ते पाहिलंयस. क्यूसीचा साहेब समोर असेल तर इन-प्रोसेस सॅम्पलवरची, म्हणजे माल तयार होत असताना काढलेल्या नमुन्यावरची, एखादी खरी गोष्ट सांग, एकच. एचआरची बाई असेल तर राहू दे, आम्हाला त्यातलं कळत नाही.

पहिल्या कंपनीतल्या तुझ्या क्यूसी हेडना फोन कर. महाडला मुलाखत आहे, तुमचं नाव देऊ का, असं विचार. ते “परत येतोस का?” म्हणाले तर लाज वाटून घेऊ नकोस, जागा आणि पगार काय ते विचार. घर जवळ, माणसं ओळखीची. मी तर आधी तेच तपासलं असतं.

शेवटी त्यांनी “काही विचारायचंय?” म्हटलं की मान हलवून उठू नकोस. अपॉइंटमेंट कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट कंपनीच्या नावावर आहे का? पाळी कोणती? बस कुठपर्यंत जाते? हे तीन प्रश्न विचार आणि उत्तरं ऑफर लेटरात मागून घे. आधी विचारलं नाही ही माझी चूक, असं म्हणून झालेला माणूस या वेळी खरंच विचारतो, हे त्यांना दिसेल.

आणि एक. गणपती तोंडावर आहेत. हजर कधी होता, असं विचारल्यावर उत्साहाच्या भरात ‘उद्यापासून’ म्हणशील आणि पहिल्याच पंधरवड्यात पाच दिवसांची रजा मागशील. दरवर्षी माझ्या टेबलावर असे अर्ज यायचे, आणि ज्याच्या बायोडेटात चार महिन्यांची नोकरी आहे त्याचा अर्ज साहेब दोनदा वाचायचे. घरी दीड दिवसाचा असो, पाचाचा असो की गौरीबरोबर जाणारा, तारीख मुलाखतीतच सांग. नाहीतर विसर्जन करूनच हजर हो.